बिमाराला पूर्ण, चांगल्याला अर्धा

रजेचा अर्ज तीन ओळींचा असतो. पण तो घेऊन आलेला माणूस तीन ओळींत कधी आटोपत नाही. टेबलाच्या कोपऱ्याला हात टेकवतो, "मॅडम, झालं काय का..." म्हणून सुरू होतो आणि माझा चहा पुरता थंड करूनच जातो. त्यातून मी कमी बोलणारी. न बोलणाऱ्या बाईला लोक का कोण जाणे सगळं सांगून टाकतात! त्यामुळे गेल्या काही महिन्यांत फायलीत अर्ज साचले आणि माझ्याकडे किस्से.

सौंसरच्या बाहेर संत्र्याचं एक पॅकिंग युनिट आहे, तिथे मी हजेरी आणि रजा बघते. संत्री येतात, धुतली जातात, मशीनमधून मेणाचा पातळ हात लागून चकचकीत होतात, लहान-मोठी वेगळी होऊन क्रेटमध्ये बसतात आणि निघून जातात. माणसं पन्नासेक. माझं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं, लग्न लॉकडाऊनमधलं. हातावरची मेंदी उतरायच्या आत सॅनिटायझर सुरू झालं, त्यामुळे मेंदी रंगली की नाही हे आमच्यात अजून कोणालाच माहीत नाही.

जुन्या फायली चाळल्या की कळतं, आधी रजेची कारणं ठरलेली होती. लग्न, तेरवी, घरच्या बगिच्यातला संत्र्याचा तोडा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसानंतर पांढुर्ण्याकडच्या मंडळींचं गोटमारीच्या दगडफेकीत फुटलेलं डोकं. कोरोनानं या सगळ्या कारणांना एका फटक्यात मागे टाकलं.

एक मात्र आधीच सांगते. या सगळ्या ढिगात एक अर्ज अगदी खरा होता, शकुनमावशीचा. आणि नेमका तोच अडकला. तिला चौदा दिवसांचा पगार मिळतो की नाही, यावर तिच्या घरातला निम्मा महिना टांगलेला होता. ते ओघानं येईलच.

* * *

सुरुवात सर्क्युलरपासून झाली. हेडऑफिसातून कागद आला आणि आमचे हेडक्लार्क घागरेकाका शेडमध्ये उलट्या क्रेटवर उभे राहून तो वाचू लागले. ज्याच्या घरात किंवा संपर्कात कोणी पॉझिटिव्ह निघेल, त्यानं चौदा दिवस घरीच राहायचं. त्याला पूर्ण पगार. आणि माल कमी आला म्हणून कंपनीच ज्याला घरी बसवेल, त्याला अर्धा.

मेणाच्या मशीनवरचा बंडू ढोले पुढे आला. "म्हणजे काका, चांगल्या माणसाले अर्धा अन् बिमार माणसाले पूर्ण?"

"तसंच लिहून आहे बाप्पा."

पन्नास माणसं मनातल्या मनात विचार करत होती. मग धुण्याच्या हौदाकडून पहिला खोकला आला. त्याला वजनकाट्याकडून उत्तर गेलं. मग क्रेटवाले, मग लोडिंगवाले. बंडू तर कमरेत वाकून खोकू लागला.

काका वरूनच ओरडले, "अबे, सर्क्युलर तं पुरं होऊ द्या!"

एकच बाई खोकली नाही. संत्री निवडायच्या टेबलावरची शकुनमावशी. एकोणीस वर्षं त्याच टेबलावर. संत्रं नुसतं तळहातावर घेतलं की आतून पोकळ आहे का भरीव, ते सांगते. तिनं शेजारणीला काळजीनं विचारलं, "ह्या पोट्ट्यायले एकाएकी काय झालं व?"

* * *

पहिला अर्ज अर्थातच बंडूचा. 'मी पॉझिटिव्ह व्यक्तीच्या संपर्कात आलो आहे.'

"कोणाच्या?" मी विचारलं.

"मावसभाऊ आहे मॅडम. तिगावचा."

तेव्हा आमचे मॅनेजर सरोदेसाहेब लोकांवर विश्वास ठेवत असत. नागपूरचे आहेत, इथे खोली घेऊन एकटे राहतात. त्यांनी अर्ज मंजूर केला. पुढच्या आठवड्यात लोडिंगच्या दोघांचे अर्ज आले. तेही तिगावच्या एका माणसाला भेटलेले. मग वजनकाटेवाला. मग वॉचमन. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. त्या बिचाऱ्यानं आठ दिवसांत आमचं निम्मं युनिट भेटून घेतलं होतं. कोणाच्या घरी चहाला, कोणाच्या बारशाला, एकाला तर म्हणे रस्त्यात थांबवून मिठी मारलेली.

घागरेकाकांनी पाच अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे लावले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हा माणूस बिमार आहे, का इलेक्शनले उभा आहे?"

* * *

मग साहेबांनी पहिला नियम केला. नुसता अर्ज चालणार नाही. घराच्या दारावर क्वारंटाईनचं पोस्टर लागलेलं असलं पाहिजे आणि त्याचा फोटो मोबाईलवर मला आला पाहिजे.

फोटो येऊ लागले. निळं दार, पोस्टर. हिरवं दार, पोस्टर. पत्र्याचं दार, पोस्टर. मी कमी बोलते, पण बघते जरा जास्त. तीन दारं वेगळी होती, पण पोस्टरचा उजवीकडचा खालचा कोपरा तिन्हींत सारखाच फाटलेला. आणि मधोमध हळदीच्या बोटाचा एकच ठसा.

एकाच गल्लीतले तिघं. मी त्यातल्या एकाला फोन केला. "दादा, पोस्टर एकच दिसतंय."

तो जराही गडबडला नाही. "एकच आहे ताई. सरकारी वस्तू आहे न, सगळ्यायची असते!"

याच्या उलट वजनकाटेवाल्याचं. त्याच्याकडे स्वतःचं, नवंकोरं, खरं पोस्टर होतं. पण त्याच आठवड्यात मुलीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा निरोप येऊन पडलेला. बायको म्हणाली, दारावर असा कागद दिसला तर पाहुणे गल्लीतूनच परत जातील. आणि कागद नाही दिसला तर पगार जाईल. त्यानं फोटो पाठवला. दार होतं, पोस्टर होतं, पण शेजारी खुंटीवर टॉवेल आणि खाली चपलांचा स्टँड.

"हे दाराच्या आतून लावलंय का?"

"हाव. नियमात दार लिहून आहे मॅडम. आतून का बाहेरून, ते कुठी लिहून आहे?"

मी सर्क्युलर पुन्हा वाचलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.

(पाहुणे आले नाहीत. त्यांच्याच दारावर पोस्टर लागलं होतं. तेही बहुतेक आतून.)

* * *

आता माझाही एक सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते.

घागरेकाकांना वास येईनासा झाला. ज्या माणसाला डबा उघडायच्या आधी भाजी ओळखता येते, त्यानं मेथीला विचारलं, "कोणती आहे?" तपासणीत पॉझिटिव्ह. बाकी ठणठणीत होते, पण त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून. मी चौदा दिवस घरी.

सासूबाईंनी मला माडीवरची खोली दिली. ताट दाराशी ठेवायच्या, भांडं वाजवायच्या आणि तीन पायऱ्या उतरून तिथूनच विचारायच्या, "तबियत कशी आहे व?" तबियत उत्तम होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी सकाळी सातपर्यंत झोपत होते. आमचे हे दिवसातून दोनदा अंगणात उभे राहून वर बघून हात हलवायचे. लग्नाआधीसुद्धा एवढं प्रेमानं बघितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी सासूबाई तीन पायऱ्या उतरल्याच नाहीत. दाराशीच थांबल्या. "आता तं एकदम चांगली दिसून राह्यली तू."

मी आतून हळूच म्हटलं, "हो आई. पण अजून चार दिवस बाकी आहेत."

"कोण म्हणते?"

"सरकार."

मग भांडं वाजलं. जरा जोरात वाजलं.

चौदा दिवस पूर्ण पगार, आणि पोळ्या सासूबाईंच्या हातच्या. मी या विषयावर दुसऱ्या कोणाला फार बोलू शकत नाही.

* * *

मी परत आले त्याच आठवड्यात शकुनमावशी आली. आत नाही आली. गेटपासून वीस पावलांवर कडुलिंबाखाली उभी राहिली, तोंडाला पदर बांधून, आणि तिथूनच हाक मारली, "ओ सूनबाई! लांबूनच ऐक, जवळ नको येऊ!"

तिचा मुलगा गणेश नागपूरला कामाला. ताप घेऊन आला आणि पॉझिटिव्ह निघाला. घरात हे दोघंच. मोहगावच्या बाजूला शेतात राहतात. त्याचं काम सुटलेलं, त्यामुळे आता घर चालायचं ते मावशीच्या पगारावर.

"मावशी, चौदा दिवसांचा अर्ज देऊन टाका," मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे युनिटला त्या दिवशी कळलं.

"थ्ये तं द्यायलेच आली. पण पगार भेटन न व? नाही तं मले उद्यापासून यावं लागन. अन् म्या आली तं ह्या हातानं सगळी संत्री हाताळीन, सगळ्यायले लागन."

बरे होऊन आलेले घागरेकाका खिडकीत आले. "मावशे, दाराचा फोटो लागते. पोस्टरवाला."

"दारच नाही न बाप्पा. ताटी हाये."

बांबूची ताटी. सकाळी बाजूला सरकवायची, संध्याकाळी लावायची. आणि पोस्टर तरी कुठलं? पोस्टर लावणारे गावातच फिरतात. शेतातल्या घराला कोण लावेल, आणि लावलं तर वाचायला येईल कोण, बगळे?

मी तिचा अर्ज लिहून घेतला. खाली माझ्या अक्षरात टीप दिली, 'अर्जदाराच्या घराला दार नाही.' साहेबांकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. माझ्या टीपेखाली लाल शाईत शेरा होता:

'दाराचा फोटो जोडावा.'

* * *

साहेबांचाही काय दोष! तोपर्यंत त्यांचा माणसांवरचा विश्वासच उडाला होता. पोस्टरची फिरती त्यांना कळली आणि त्यांनी दुसरा नियम केला. रोज अकरा वाजता मी व्हिडिओ कॉल करायचा आणि माणूस घरात आहे का ते बघायचं.

पहिलाच कॉल वॉचमनला. तो आणि बंडू एव्हाना दुसऱ्यांदा रजेवर गेले होते. त्याच्या आईनं उचलला आणि फोन असा धरला की मला फक्त त्यांची हनुवटी दिसत होती.

"तूच का थ्ये नवी मॅडम? सौंसरात देल्ली न तुले? किती महिने झाले लग्नाले?"

"आठ. मावशी, दादा आहेत का घरी?"

"सासू कशी हाये? पटते का?... अन् काही गोड बातमी?"

दहा मिनिटं झाली. माझं माहेर, सासर, नणंद, पगार, सगळी चौकशी झाली. वॉचमन काही दिसला नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'आई घरी आहे.'

बंडूचं मात्र चुकलंच. त्याच्या कॉलमध्ये तो दिसला, मास्क लावलेला, डोळे थकलेले, सगळं व्यवस्थित. पण त्याच्या मागे संत्र्याच्या क्रेटांची छपराएवढी थप्पी, आणि कोणीतरी खणखणीत आवाजात भाव पुकारत होतं. हा घरचा माल घेऊन मंडीत उभा!

"बंडूदादा, कुठे आहात?"

"घरीच आहो मॅडम."

"मागे लिलाव चाललाय."

त्यानं एकदा मागे वळून बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. "आमचा हॉल जरा मोठा आहे."

नेमके त्या वेळी साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे तिसरा नियम केला. आता फोटो नाही, कॉल नाही. ते स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहतील, तेव्हाच रजा मंजूर. तोपर्यंत सगळ्यांचा पगार थांबवा. मावशीकडे तर साधाच फोन, तिला व्हिडिओ कॉल लागायचा प्रश्नच नव्हता. नियम कळताच बंडू आणि वॉचमन दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाले, बाकीचे खोटं बोललेले आधीच आपापले चौदा दिवस खाऊन परत आले होते. थांबवायला एकटी मावशीच उरली होती.

* * *

म्हणून साहेब पहिल्यांदा तिच्याकडेच निघाले. लिहून घ्यायला मला सोबत घेतलं. मी गाडीत मागे, काच उघडी, मांडीवर रजिस्टर. मोहगावच्या अलीकडे गाडी बांधाशी थांबली. साहेबांनी हातांना सॅनिटायझर लावलं आणि उतरले. मी गाडीतच बसले. कोणी उतर म्हटलं नव्हतं.

मावशी ताटीसमोर उभी होती. साहेब दिसल्याबरोबर तिनं दोन्ही हात पुढे केले. "तिथंच थांबा साहेब! लांबूनच बोला!"

आता एखाद्या माणसानं महिनाभर मावसभाऊ, फिरतं पोस्टर आणि मंडीएवढा हॉल बघितलेला असला, तर त्याला या वाक्यात काय ऐकू येणार? साहेब थांबले नाहीत.

"का? आत काय आहे?"

"पोरगं हाये न साहेब. बिमार."

"बघू द्या."

"नका जाऊ न बाप्पा! तुमच्या पाया पडतो, पण लांबूनच पडतो!"

साहेबांनी ताटी सरकवली आणि आत गेले. दारावर टकटक करायचा प्रश्न नव्हता. मावशी कपाळाला हात लावून बाहेरच उभी. मला आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. साहेबांचा कडक आवाज आला.

"काय रे, खरंच आजारी आहेस का?"

गणेशला बहुतेक उठून बसायला वेळ लागला. साहेब आणखी जवळ गेले असावेत, कारण पुढचं जरा हळू आलं. "मास्क काढून नीट सांग, मला ऐकू येत नाहीये."

मग गणेशनं उत्तर दिलं. शब्दांत नाही. खोकल्यात. आमच्या शेडमधला खोकला मी ऐकलेला होता. हा तसा नव्हता. हा बराच वेळ चालला. साहेब बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते.

"बसा साहेब, पाणी देतो," मावशी सवयीनं म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "नाही, नका बसू."

तेवढ्यात बांधावरून गुलाबी साडी आली. गावची आशाताई, गणेशला बघायला. काखेत रजिस्टर, गळ्यात ओळखपत्र. तिनं साहेबांना ताटीतून निघताना बघितलं होतं.

"तुम्ही आत गेल्ते?"

"हो. तपासणीसाठी."

"किती वेळ?"

"पाच-सात मिनिटं. मी मॅनेजर आहे यांचा."

आशाताईनं बांधावरच उकिडवं बसून लिहायला घेतलं. "मॅनेजर नको, नाव सांगा."

"अहो, मी फक्त बघायला..."

"पॉझिटिव्हच्या खाटेपाशी गेल्ते न? मंग नाव सांगा. गाव. मोबाईल नंबर."

तिनं एकच कागद लिहिला. वर गणेशचं नाव, बिमार. खाली संपर्कातले दोन. एक, शकुनमावशी. दोन, साहेब. दोघांपुढे आपापली तारीख, आपापले चौदा दिवस घरी. सही, शिक्का. मग तिनं तो कागद गाडीच्या उघड्या काचेतून माझ्या रजिस्टरवर टाकला. "हा तुमच्या ऑफिसले लागन न?"

परत कसं जायचं हा प्रश्न होता. साहेब गाडी घेऊन एकटे गेले. मला आशाताईनं मोहगावच्या स्टँडपर्यंत पोचवलं, तिथून मी बसनं सौंसरला आले. कागद पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांचा फोन आला. खोलीवर एकटेच होते. आवाज जरा बसलेला.

"तो माझा रजेचा अर्ज लावून घ्या. चौदा दिवसांचा. कागद आहे ना तुमच्याकडे?"

"आहे साहेब." मी थांबले. मला पटकन बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. "पण कागद एकच आहे. त्याच्यावर नावं दोन आहेत."

"मग?"

"कागद ग्राह्य धरला, तर दोघांचाही धरावा लागेल. नाही धरला, तर दोघांचाही नाही. काय लिहू?"

घागरेकाका पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. मशीनपाशी बंडूसुद्धा थांबला होता. शेवटी साहेब म्हणाले, "ग्राह्य."

मी लिहिलं.

मावशी साहेबांच्या चार दिवस आधी सुटली. गणेश उठून फिरू लागला होता. सकाळी पावणेनऊला ती टेबलावर हजर, एका हातानं संत्रं उचलत, दुसऱ्या हातानं बाजूला करत. मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली. पगार लागल्याचं मी तिला सांगितलं.

"अन् साहेबाचा?"

"त्यांचाही. पूर्ण."

तिचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं व माय. मले घोर लागला होता. आले बिचारे एवढ्या लांबून, अन् म्या साधं पाणी नाही देल्लं." जाता जाता ती पुन्हा वळली. "त्यायले सांगजो सूनबाई, पुढच्या टाइमाले आले का जेवूनच जा म्हणा. चौदा दिवस तं तेवढेच भेटते!"